ओला नमुना

कापड रंगवण्याच्या कारखान्यात सव्वीस वर्षं काढली, पण शेडबाईला तिच्या खऱ्या नावाने कोणी हाक मारली नाही. तिथे रंग कालवणारे वेगळे, कापड हौदात बुडवणारे वेगळे, आणि निघालेला रंग गिऱ्हाइकाच्या नमुन्याशी जुळतो की नाही हे सांगणारी ही एकटी. ती ‘पास’ म्हणाली की माल पुढे जायचा, ‘फेल’ म्हणाली की पुन्हा हौदात. मॅनेजर तिला वचकून असायचा. नवरा तर असायचाच. तो त्याच कारखान्यात बॉयलरवर होता, म्हणून त्याचं नाव बॉयलर. तापायचाही तसाच आणि निवायचाही पटकन.

शेडबाईचा कायदा एकच होता. ओला नमुना बघायचा नाही. हौदातून काढलेली चिंधी एक शेड गडद दिसते, झळकते, बघणाऱ्याला खूश करते, आणि साफ खोटं बोलते. ती पिळायची, इस्त्रीखाली सुकवायची, मग इस्त्रीची ऊब जाईपर्यंत तोंड मिटून बसायचं, आणि त्यानंतर खिडकीशी नेऊन बघायची. घाईत असलेले लोक, म्हणजे सगळेच, ओल्यावर ‘पास’ मागायचे. एकदा मॅनेजर म्हणाला, “अहो बाई, जुळलेलं दिसतंय ना डोळ्यांना?” तिने ती ओली चिंधी त्याच्या हातात देऊन त्याला इस्त्रीपाशी उभं केलं. दहा मिनिटांनी साहेबाच्या हातात भलताच रंग होता, आणि तोंडावरही.

मग तिला ताप आला. साधा ताप, साध्या गोळ्या. त्या गोळ्या तिच्या अंगाला अशा काही चावल्या की चार दिवसांत कातडी उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी निघाली. जीव वाचला. डोळ्यांतलं पाणी मात्र गेलं ते गेलंच. ज्याच्या डोळ्यात पाणी आहे त्याला कोरड्या डोळ्याचा अर्थ सांगून कळत नाही. पापणी मिटताना खरवडते, उघडताना चिकटते, आणि लोक विचारतात, “थोडं चुरचुरतं का?” वर्षभरात दोन्ही बुबुळांवर न्हाणीघराच्या काचेसारखा पांढरा थर आला. मेलेल्या माणसाचा दान केलेला कॉर्निया इतक्या कोरड्या डोळ्यात तग धरत नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं. तीन वर्षं ती भिंती चाचपत जगली.

त्यानंतर इस्पितळातल्या मोठ्या डॉक्टरांनी कृत्रिम कॉर्नियाचा अभ्यास सुरू केला आणि त्यात हिची निवड झाली. शर्टाच्या बटणाएवढी पारदर्शक प्लॅस्टिकची चकती, भोवती बारीक भोकांची झालर. त्या भोकांतून डोळ्याचं मांस वाढतं आणि चकतीला धरून ठेवतं. शेडबाई तिला बटणच म्हणायची. आठ महिन्यांपूर्वी उजव्या डोळ्याला बटण लावलं. पट्टी सोडली तेव्हा तिला पहिल्यांदा दिसला तो बॉयलरचा स्वेटर.

“हा रंग कुणी निवडला?” ती म्हणाली.

बॉयलर रडला. सिस्टर रडल्या. मोठ्या डॉक्टरांनी चष्मा पुसला. ही काही रडली नाही. रडायला पाणी लागतं.

आता डाव्याची पाळी होती. डाव्या डोळ्याला उजेड कळायचा, कुणी समोर हात हलवला तर सावली कळायची. एवढीच शिल्लक. पण उजवं बटण उद्या बिघडलं, तर दारातून आत यायला तेवढाच उजेड उरणार होता. डावा डोळा कापला आणि तिथलंही बटण बिघडलं, तर तोही नाही. पुढच्या गुरुवारी सही करायची होती. सगळे खुशीत होते, आणि शेडबाईच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता.

किड्याचं कारण असं. दर महिन्याला तपासणीला गेलं की सिस्टर लाडाने म्हणायच्या, “या मावशी, डोकं मागे करा.” दोन थेंब. “मिचकवा. छान. आता वाचा.” ही भिंतीवरचा अक्षरांचा तक्ता सहाव्या ओळीपर्यंत धडाधड वाचायची. सिस्टर फाईलमध्ये आकडा टाकायच्या. मोठे डॉक्टर आत यायचे, आकडा बघून म्हणायचे, “वा!”, डोळ्याला रंगाची एक कागदी पट्टी टेकवून यंत्रातून डोकावायचे, आणि बाहेर जायचे. त्यांना लवकरच कुठल्याशा परिषदेत हे सगळे आकडे मांडायचे होते. त्यांच्या टेबलावर एक आलेख होता, त्याची रेघ वर वर जायची. शेडबाईने आयुष्यात वर वर जाणाऱ्या रेघा पुष्कळ पाहिल्या होत्या. बहुतेक त्या मॅनेजरने काढलेल्या असायच्या.

सहावी ओळ वाचणारा हा डोळा घरी आला की काय करायचा? दुपारपर्यंत बॉयलरचं नाक पुसट व्हायचं. घड्याळाचा लहान काटा गायब व्हायचा. थेंब टाकले की दोन्ही परत हजर.

“वय झालं आपलं,” बॉयलर म्हणाला.

“वय काय दुपारी होतं आणि थेंब टाकला की जातं?”

तिने लोखंडी पेटीतून जुन्या चिंध्या काढल्या. दोन निळ्या, एकमेकींपासून एका शेडने वेगळ्या. स्वयंपाकघराच्या खिडकीच्या चौकटीवर टाचणीने शेजारी शेजारी लावल्या, समोर खुर्ची टाकली, डोळ्यात थेंब टाकले आणि घड्याळ लावून बसली. पाचव्या मिनिटाला चिंध्या दोन होत्या. दहाव्या मिनिटालाही दोन. सतराव्याला त्यांच्यामधली रेघ हलायला लागली. पंचविसाव्या मिनिटाला खिडकीवर एकच निळी चिंधी होती. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच.

म्हणजे माझ्या डोळ्याचा ओला नमुना पास करतायत, शेडबाई मनात म्हणाली. तिथून तिची नजर सगळ्यांवर फिरली. सिस्टर एवढ्या गोड का बोलतात? डॉक्टर आकडा आधी का बघतात आणि डोळा नंतर का? आणि हा आपला नवरा? तपासणीच्या दिवशी बाकावर बसल्या बसल्या हा खिशातून बाटली काढून “वर बघ” म्हणतो आणि आणखी दोन थेंब सोडतो. एरवी थेंबांची वेळ झाली तर ह्याला तीनदा हाक मारावी लागते. ह्याला हे कुणी शिकवलं? ह्याला कुणी काय सांगितलंय?

रंगखात्यात ती आधी बघायची, मग बोलायची; इथेही तसंच.

सोमवारी भलतंच झालं. दुपारी ती खुर्चीवर बसली होती आणि बॉयलर तिच्यासमोर वाकून एकदम ओरडला, “अगं! पाणी!”

“कसलं पाणी?”

“तुझ्या डोळ्यात! खालच्या पापणीवर!”

तिने बोट लावलं. बोट ओलं झालं. थेंब टाकून दोन तास उलटले होते. साडेचार वर्षांत जो डोळा आईच्या मरणालाही ओलावला नव्हता, तो ओला होता.

बॉयलरने इस्पितळात फोन लावला. सिस्टर म्हणाल्या, “अरे वा, ओलावा सुधारतोय. मी फाईलमध्ये लिहून ठेवते.” मग त्याने बहिणीला फोन केला. बहीण, म्हणजे शेडबाईची मोठी नणंद, तासाभरात दारात उभी.

“वहिनी! आसवं परत आली म्हणे! बघू बघू!”

“वन्सं, लांबून बघा. बोट नका घालू.”

“अगं, हस की जरा! लोकांना प्लॅस्टिक तरी मिळतं का? तुला प्लॅस्टिक मिळालं, वर पाणी मिळालं. आणि तोंड बघा हिचं, जसं काही माल परत आलाय.”

“पाणी आलं कुठून, वन्सं?”

“कुठून म्हणजे? डोळ्यातून!”

“माझ्या डोळ्यातल्या पाण्याच्या गाठी जळून गेल्या आहेत. डॉक्टरांनीच सांगितलं. साडेचार वर्षांत परत आल्या नाहीत त्या सोमवारी दुपारी कशा येतील?”

“हिला देव भेटला तरी ही ओळखपत्र मागेल,” नणंद भावाला म्हणाली.

“माझंही मागते,” बॉयलर म्हणाला. “तीस वर्षं झाली, रोज मागते.”

दोघं भाऊबहीण पोट धरून हसले. शेडबाईने हसू दिलं. नणंद चहा घेऊन गेल्यावर तिने नवऱ्याला खिडकीसमोरच्या खुर्चीत बसवलं.

“एक सांगा. बॉयलरखाली एका सकाळी ओल दिसली असती, तर तुम्ही बहिणीला फोन केला असता?”

“बॉयलरखाली ओल? छे! आधी आग बंद. मग बॅटरी घेऊन जोड न् जोड तपासायचा. ओल म्हणजे कुठेतरी गळती.”

“का? बॉयलरला रडू आलं असेल.”

बॉयलर पुढे वाकून तिच्या पापणीकडे बघायला लागला.

“वर हे बटण अर्ध्या तासात सुकतंय,” ती म्हणाली, “आणि खाली पापणी ओली आहे. आसवं असती तर आधी बटण भिजलं असतं, नजर टिकली असती. नजर सुकते आणि पापणी ओली. हे कसलं पाणी?”

बॉयलरच्या तोंडावरचं हसू निघून गेलं. हे त्याच्या धंद्यातलं बोलणं होतं, आणि त्याच्या धंद्यात याचं उत्तर एकच होतं. त्याने खिशातली बाटली काढून टेबलावर ठेवली.

“आणि ही बाटली,” शेडबाई म्हणाली. “तपासणीच्या आधी मला कशासाठी भिजवता? कोणी सांगितलं?”

“कोणी नाही गं.”

“खरं बोला.”

“तू पास व्हावीस म्हणून!” तो एकदम तापला. “मागे एकदा तू पाचव्या ओळीवर अडकलीस. डॉक्टरांचं तोंड पडलं. मला वाटलं, हिला नापास केलं तर डाव्याला बटण देणार नाहीत. म्हणून टाकत होतो दोन थेंब. चोरी केली का?”

शेडबाई त्याच्याकडे बघत राहिली. नाक पुसट व्हायला लागलं होतं, पण हा माणूस खोटं बोलत नाही एवढं तिला पुसटातही दिसत होतं. याचाच तिला जास्त राग आला. पोराच्या परीक्षेला बापाने खिडकीतून चिठ्ठी फेकावी तसा हा माणूस कित्येक महिने तिच्या डोळ्यात चिठ्ठ्या टाकत होता.

“उद्याच जाऊ,” ती म्हणाली. “गुरुवारची वाट बघायची नाही.”

मंगळवारी ती सकाळचे थेंब टाकूनच निघाली. उगाच डोळा जाळण्याइतकी ती वेडी नव्हती. पण पुढचे थेंब बाटलीतच राहिले. नंबर येईपर्यंत तासभर लागला. बाकावर शेजारी ड्रायव्हरकाका होते. कधीकाळी ट्रक चालवणारे, अभ्यासातलेच, दोन्ही डोळ्यांना बटणं. इथल्या भिंतीवर त्यांचा फोटो लावायचं चाललं होतं.

“कितवी ओळ?” त्यांनी विचारलं. ते सगळ्यांना हेच विचारायचे.

“आज बघू. तुमची?”

“सातवी!” ते खाली वाकून कुजबुजले, “पाठच आहे म्हणा ना. एवढी मेहनत करतात डॉक्टर. त्यांना वाईट का वाटू द्यायचं?”

शेडबाई त्यांच्याकडे वळली. तिने काही विचारायच्या आत आतून हाक आली.

“या मावशी. गुरुवारच्या आधीच? डोकं मागे करा.”

“नाही.”

सिस्टरचा हात हवेतच राहिला. “म्हणजे?”

“थेंब नकोत. आधी वाचते, मग टाका.”

“अहो, नियम आहे.”

“कुठे लिहिलाय?”

“लिहिलाय म्हणजे... इथे असंच करतात.”

“कधीपासून?”

“मी आले तेव्हापासून. मोतीबिंदूच्या खोलीतही असंच करायचो आम्ही. डोळा स्वच्छ होतो, पेशंटला बरं वाटतं.” सिस्टर रडवेल्या झाल्या. “मावशी, मी काय तुमचं वाईट केलं?”

“ते अजून ठरायचंय. डॉक्टरांना बोलवा.”

मोठे डॉक्टर आले ते घाईतच. “काय झालं? आपली हुशार विद्यार्थिनी आज का रुसली?”

“डॉक्टर, मी रुसायला आले नाही. मला सुक्यात तपासा.”

“सुक्यात?”

“थेंबाशिवाय. मी दिवसभर थेंबात राहत नाही, सुक्यात राहते. तुमच्या तक्त्यासमोर मिनिटभर ओली असते.”

डॉक्टरांनी बॉयलरकडे बघितलं. बायकोला आवरा, अशी ती नजर होती. बॉयलरने दोन्ही हात खिशातून काढून गुडघ्यांवर ठेवले आणि म्हणाला, “ती सांगते तसं करा, साहेब. तिने फेल केलेला माल कधी पास झाला नाही.”

शेडबाईने तक्त्याकडे पाहिलं. पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसऱ्या ओळीत एक अक्षर सांगितलं, आणि म्हणाली, “पुढे डाग आहेत. पाठ म्हणून दाखवू का? ते येतं मला.”

डॉक्टरांनी फाईल उघडली. शेवटचे चार आकडे सहा, सहा, सहा, सहा. खाली सिस्टरच्या अक्षरात कालचीच नोंद: ओलावा सुधारला.

“हे पाणी कधी येतं?” त्यांनी विचारलं. आवाज बदलला होता.

“कालपासून. थेंब टाकले नसतानाही. खालच्याच कडेला.”

डॉक्टरांनी दिवा मालवला. एक कागदी पट्टी फोडली. पट्टीचं टोक नारिंगी होतं.

“हा दर वेळी लावता तो रंग कसला?” शेडबाईने विचारलं.

“निळ्या उजेडात हिरवा चमकणारा. हलू नका.”

तिने हनुवटी यंत्रावर टेकवली. पट्टी बटणाच्या कडेला टेकली. निळा उजेड आला. तिला निळ्याशिवाय काही दिसत नव्हतं, पण पलीकडच्या माणसाचा श्वास थांबलेला ऐकू आला. रंगखात्यात मॅनेजर सुकलेली चिंधी बघायचा तेव्हा असाच आवाज व्हायचा, म्हणजे कसलाच नाही.

“गळतंय,” ती म्हणाली.

“हो,” डॉक्टर म्हणाले. “खालच्या कडेला. नारिंगी रंगातून एक हिरवी धार उतरतेय. मांस सुकून झिजलंय. सुईच्या टोकाएवढं भोक आहे.”

“आणि पाणी?”

“डोळ्याच्या आतलं.”

बॉयलर उठून उभा राहिला. “साहेब, म्हणजे काय?”

“म्हणजे पाणी बाहेर येतं त्याच वाटेने जंतू आत जाऊ शकतात. तसं झालं तर दोन दिवसांत डोळा जातो. आजच दाखल करू. वरून पातळ पटलाचं ठिगळ लावून ते भोक बंद करता येईल. अजून वेळ गेलेली नाही.”

“गेल्या महिन्यातही ही पट्टी लावली होती तुम्ही,” शेडबाई म्हणाली. “तेव्हा का नाही दिसलं?”

डॉक्टरांनी निळा उजेड बंद केला. “तेव्हा गळती नसेलही. किंवा असेल. डोळ्यात आधीच थेंब भरलेले असले की हा रंग पातळ होतो. सगळं सारखंच हिरवं दिसतं. बारीक धार त्यात हरवते.”

“हौदात पाणी जास्त झालं की शेड उठत नाही.”

“तसंच.”

शेडबाईने हनुवटी उचलली. आठवडाभर ती एक चोर शोधत होती. सिस्टर, डॉक्टर, नवरा, आलेख, परिषद, सगळ्यांना तिने मनात एकेकदा पिंजऱ्यात उभं केलं होतं. चोर सापडला असता तर त्याची गचांडी धरता आली असती. इथे एक बाई दुसऱ्या खोलीतली सवय उचलून घेऊन आली होती, एक नवरा मायेने बाटली घेऊन फिरत होता, एक म्हातारा उपकार फेडायला अक्षरं पाठ करत होता, आणि एवढा शिकलेला डॉक्टर ‘वा’ म्हणत होता. सगळे भले. सगळ्या भल्यांनी मिळून तिचा डोळा जवळजवळ घालवला होता. तिला वाटलं, एखादा सरळसोट हरामखोर परवडला असता.

“मावशी, मला माहीत नव्हतं हो,” सिस्टर म्हणाल्या.

“विचारलंत का कुणाला?”

“नाही.”

“तेच.”

डॉक्टर दाखल करायचे कागद भरत होते. त्यांच्या पॅडखाली गुरुवारचा, डाव्या डोळ्याचा कागद दिसत होता. शेडबाईने तो ओढून घेतला आणि घडी करून बॉयलरच्या खिशात घातला, थेंबांची बाटली असायची त्या खिशात.

“डावा सध्या माझ्याकडेच राहू दे,” ती म्हणाली. “उजवा सहा महिने सुक्यात पास झाला तर बोलू. आणि फाईलमधले ते चार सहा.”

“त्यांचं काय?”

“ते ओले आहेत. खोडा.”

“असे आकडे खोडता येत नाहीत, बाई.”

“मग शेजारी लिहा की ओले आहेत. परिषदेतल्या लोकांनाही कळू दे.”

डॉक्टरांनी पेन उचललं, आणि बराच वेळ ते कागदाला लावलं नाही. लिहितील की नाही हे शेडबाईला कळेना. तिसऱ्या ओळीच्या नजरेला एवढं बारीक काही दिसत नाही. पेन कागदावर घासल्याचा आवाज आला तेव्हा तिने बॉयलरला खूण केली. त्याने वाकून वाचलं, आणि तिच्या कानात म्हणाला, “लिहिलं.” तरी तिने पुन्हा विचारलं, “काय लिहिलंय ते शब्द न् शब्द सांगा.” त्याने सांगितलं.

तिला चाकाच्या खुर्चीत बसवून बाहेर आणलं. बाकावर ड्रायव्हरकाकांनी डोकं मागे टाकलं होतं, तोंड आ वासलं होतं, आणि सवयीने पुढे आलेल्या सिस्टरच्या हातातली बाटली त्यांच्या डोळ्यावर धरलेली होती.

“थांबा!” शेडबाई अशी ओरडली की सबंध व्हरांडा वळून बघायला लागला.

बाटली खाली आली. सिस्टरने जीभ चावली.

“अहो, माझी सातवी ओळ जाईल ना!” ड्रायव्हरकाका म्हणाले.

“जाऊ दे. काका, तुमच्या डोळ्यांना हल्ली पाणी येतं?”

“येतं की! देवाची कृपा. डाव्याला जास्त. पंधरा दिवस झाले. रोज रुमाल भिजतो.”

दारात उभ्या असलेल्या डॉक्टरांचा चेहरा शेडबाईला नीट दिसला नाही. पण ते धावत आले हे तिला दिसलं. त्यांनी ड्रायव्हरकाकांना दंडाला धरून आत नेलं, खुर्चीत बसवलं आणि म्हणाले, “थेंब नाही. असंच वाचा.”

आतून काकांचा खणखणीत आवाज आला. पहिली ओळ, दुसरी, तिसरी, न अडखळता, शाळेतल्या पाढ्यासारखी.

“सिस्टर,” शेडबाईने चाकाच्या खुर्चीतून हाक मारली, “भिंतीवरचा तक्ता बदला.”